राज्याची हद्द आणि मुलाचा ताबा : अमेरिकेत ताब्याचा आदेश बदलण्याच्या अधिकाराचा इतिहास

१. प्रस्तावना

घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहील, हे आई-वडिलांच्या कराराने किंवा न्यायालयाच्या आदेशाने ठरते. काही वर्षांनी त्यांपैकी एकजण नोकरीसाठी, दुसऱ्या विवाहासाठी किंवा माहेरच्या आधारासाठी दुसऱ्या राज्यात राहायला जातो. जुनी व्यवस्था आता चालत नाही. सुट्टीतल्या भेटी, शाळा, प्रवासाचा खर्च असे सारेच नव्याने ठरवावे लागते. अशा वेळी आदेश बदलण्याचा अधिकार कोणत्या न्यायालयाचा? ज्या राज्याने आदेश दिला त्याचा, की मूल आज ज्या राज्यात राहते त्याचा?

हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या एका प्रश्नाचे निश्चित उत्तर नसल्यामुळे अनेक दशके मुलांची ओढाताण झाली. हरलेला पालक मुलाला घेऊन शेजारच्या राज्यात जाई आणि तेथे नवा दावा लावी. एकाच मुलाविषयी दोन राज्यांचे दोन परस्परविरोधी आदेश असत आणि दोन्ही आपापल्या हद्दीत खरे असत.

या पाठात आपण त्या गोंधळाची कारणे, १९६८, १९८० आणि १९९७ या तीन टप्प्यांत झालेल्या सुधारणा आणि त्या सुधारणांची मर्यादा पाहणार आहोत. शेवटी भारतीय व्यवस्थेशी थोडक्यात तुलना करू. इतिहास, राज्यशास्त्र आणि विधी या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना हा विषय उपयोगी आहे, कारण संघराज्यात अधिकारांची वाटणी झाली की तिचा परिणाम घरातल्या लहान मुलापर्यंत कसा पोचतो, हे यातून दिसते.

२. पार्श्वभूमी : बापाच्या हक्काकडून मुलाच्या हिताकडे

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात विवाहातून झालेल्या मुलांवर बापाचा हक्क जवळजवळ निरपवाद मानला जाई. आईला सन्मान मिळावा असे कायदेपंडित म्हणत, पण अधिकार मात्र बापाचा. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेला तिच्या पतीने मुलांपासून दूर ठेवले. तिने त्याविरुद्ध चालवलेल्या मोहिमेनंतर १८३९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आणि त्याहून मोठ्या मुलांच्या भेटीसाठी आईला न्यायालयात अर्ज करण्याची मुभा त्यामुळे मिळाली.

अमेरिकेत इंग्रजी परंपरा आली, पण ती लवकर सैल झाली. १८१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने कोवळ्या वयाच्या दोन मुलींना आईकडे राहू दिले. पुढे हाच विचार ‘कोवळ्या वयाचा सिद्धांत’ म्हणून रूढ झाला. १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषदेच्या जाहीरनाम्यात ज्या तक्रारी नोंदवल्या गेल्या, त्यांत विभक्त झाल्यावर मुलांचे पालकत्व कोणाकडे जाईल हे पुरुषांच्या सोयीने ठरते, हीही एक तक्रार होती. १८८१ मध्ये कॅन्सस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती डेव्हिड ब्रूअर यांनी बापाच्या हक्कापेक्षा मुलीचे कल्याण महत्त्वाचे मानून तिला वाढवणाऱ्या नातेवाइकांकडेच ठेवले. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी असे मांडले की न्यायाधीश दोन पालकांमधला वाद मिटवत नसतो, तर राज्याच्या वतीने मुलाचा पालक म्हणून विचार करत असतो.

या बदलाचा एक परिणाम विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. जमिनीचा वाद एकदा निकाली निघाला की संपतो. पण ‘मुलाचे हित’ हा निकष मानला की निकाल कधीच संपत नाही. मूल वाढते, आजारी पडते, शाळा बदलते, पालक पुन्हा लग्न करतात. म्हणून ताब्याचा आदेश हा नेहमीच बदलता येण्याजोगा राहिला. पालकांनी आपसांत केलेला करारही याला अपवाद नव्हता. करार न्यायालयाच्या आदेशात सामावला गेला तरी मुलाच्या हितासाठी न्यायालय तो बदलू शकत असे. माणुसकीच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण पुढचा सारा गोंधळ याच गुणातून निर्माण झाला.

३. संघराज्य आणि कधीच अंतिम न होणारा आदेश

अमेरिकेत विवाह, घटस्फोट आणि मुलांचा ताबा हे विषय घटक राज्यांच्या अखत्यारीत येतात. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि न्यायालयांची उतरंडही वेगळी. हे सारे एकत्र बांधणारा धागा म्हणजे राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदातील पहिले कलम. एका राज्याच्या न्यायिक निर्णयांना इतर राज्यांनी पूर्ण विश्वास आणि मान्यता द्यावी, असे ते सांगते. काँग्रेसने १७९० मध्येच त्याला पूरक कायदा केला. एका राज्याच्या निकालाला तेथे जेवढी किंमत, तेवढीच दुसऱ्या राज्यात द्यायची, असा त्याचा आशय होता.

आता प्रश्न असा : जो आदेश मूळ राज्यातच उद्या बदलता येतो, त्याला दुसऱ्या राज्याने किती किंमत द्यायची?

हा प्रश्न १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या दांपत्यातील पत्नी १९४४ मध्ये मुलाला घेऊन फ्लॉरिडाला गेली आणि पुढल्या वर्षी तेथे तिने घटस्फोट मागितला. निकालाच्या आदल्या दिवशी पती मुलाला तिच्या नकळत न्यूयॉर्कला घेऊन आला. फ्लॉरिडाच्या न्यायालयाने ताबा आईला दिला. आईने न्यूयॉर्कमध्ये दाद मागितली, तेव्हा तेथील न्यायालयाने ताबा तिच्याकडे ठेवला, पण वडिलांना भेटीचे हक्क दिले आणि ते पाळले जावेत म्हणून आईकडून ५,००० डॉलरचा जामीन मागितला. म्हणजे फ्लॉरिडाचा आदेश न्यूयॉर्कने बदलला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकाल लिहिला : फ्लॉरिडाचे न्यायालय स्वतःचा आदेश जेवढा बदलू शकते, तेवढा न्यूयॉर्कचे न्यायालयही बदलू शकते. तर्क बिनचूक होता. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की हद्द ओलांडली की आदेश नव्याने उघडता येतो.

१९५३ चा ‘मे विरुद्ध अँडरसन’ हा खटला त्याहून पुढे गेला. विस्कॉन्सिनमधील दांपत्यात मतभेद झाले आणि आई तीन मुलांसह ओहायोतील आपल्या गावी गेली. १९४७ च्या नववर्षदिनी तिने परत येणार नसल्याचे कळवले. वडिलांनी विस्कॉन्सिनमध्ये घटस्फोटाचा दावा लावला. समन्स तिला ओहायोत मिळाले, ती हजर झाली नाही, आणि ताबा वडिलांना मिळाला. त्यांनी मुले आणली. १९५१ मध्ये मुले आईला भेटायला ओहायोत गेली, तेव्हा तिने ती परत पाठवण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हॅरोल्ड बर्टन यांनी लिहिले की मुलांचा सांभाळ हा आईचा व्यक्तिगत हक्क आहे आणि ज्या न्यायालयाला तिच्या व्यक्तीवर अधिकार नव्हता, ते तिचा हा हक्क काढून घेऊ शकत नाही. म्हणून विस्कॉन्सिनचा आदेश ओहायोवर बंधनकारक नाही. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी सहमतीच्या टिपणात एवढेच म्हटले की ओहायोवर बंधन नाही, पण हवे असल्यास तो आदेश मानायला बंदीही नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी भिन्नमत नोंदवले. या निकालामुळे प्रत्येक राज्य आपापल्या मताने चालेल, ही त्यांची भीती खोटी ठरली नाही.

याच काळात, १९४८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांच्या लेखणीतून आणखी एक भूमिका घेतली. मुलाचे कायम निवासस्थान, मुलाची प्रत्यक्ष उपस्थिती किंवा दोन्ही पालकांवरचा अधिकार, यांपैकी कोणत्याही आधारावर एकाहून अधिक राज्यांना एकाच वेळी अधिकार असू शकतो, असे त्यांनी सांगितले. हेतू मुलाच्या हिताचाच होता, कारण जेथे मूल आहे तेथे त्याचे हित पाहता यावे. पण दारे जितकी जास्त, तितकी ती ठोठावणारी माणसेही जास्त.

४. सामाजिक बदल : रस्ते, घटस्फोट आणि मुलांची पळवापळवी

कायद्यातील ही पोकळी धोक्याची ठरली ती सामाजिक बदलांमुळे. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची मुदत सहा आठवड्यांवर आणली आणि रीनो हे शहर घटस्फोटासाठी येणाऱ्यांचे ठिकाण बनले. राज्य बदलून कायदा बदलायचा, ही सवय लोकांना लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, महामार्ग आणि दूरच्या नोकऱ्या वाढल्या. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये संमत केलेला, दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा १९७० पासून अमलात आला आणि इतर राज्ये त्या वाटेने गेली. घटस्फोट वाढले, तसे वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या पालकांची मुलेही वाढली.

मुलाला उचलून नेणे हा या परिस्थितीत गुन्हा कमी आणि डावपेच जास्त होता. १९३२ चा संघीय अपहरणविरोधी कायदा आई-वडिलांना लागू होत नसे. मुलाला नव्या राज्यात नेऊन काही महिने ठेवले की ‘मूल आता येथे रुळले आहे’ असा युक्तिवाद करता येई. मुलाचे हित पाहणारा न्यायाधीश त्याला पुन्हा उपटून पाठवायला कचरत असे. मुलाच्या हिताचा निकषच अशा रीतीने पळवून नेणाऱ्याच्या उपयोगी पडत होता. जो पालक आदेश पाळून शांत बसला, तोच हरत होता.

५. पहिला टप्पा : १९६८ चा समान कायदा

१८९२ पासून अमेरिकेत एक परिषद काम करते. वेगवेगळ्या राज्यांनी नेमलेले विधिज्ञ एकत्र बसून आदर्श कायद्यांचे मसुदे तयार करतात, आणि तो स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ ठरवते. या परिषदेने १९६८ मध्ये मुलांच्या ताब्यासंबंधी अधिकारक्षेत्राचा समान कायदा मंजूर केला. त्याआधी प्राध्यापक लिओनार्ड रॅटनर यांनी मुलाचे ‘स्थिर घर’ जेथे आहे त्या राज्यालाच अधिकार असावा, असा विचार मांडला होता. मसुद्याचे काम ब्रिगिट बोडेनहाइमर यांनी केले. जर्मनीत जन्मलेल्या या विदुषीने कायद्याच्या संघर्षात सापडलेले मूल हा आपल्या अभ्यासाचा केंद्रबिंदू मानला होता.

या कायद्याचे मुख्य मुद्दे असे :

• मूल हद्दीत हजर आहे, एवढ्यावर अधिकार मिळणार नाही.
• दाव्याच्या आधी सलग सहा महिने मूल पालकासह ज्या राज्यात राहिले, ते त्याचे ‘गृहराज्य’.
• गृहराज्याबरोबरच, ज्या राज्याशी मुलाचा आणि पालकाचा महत्त्वाचा संबंध आहे त्या राज्यालाही अधिकार असू शकेल. मुलाला तातडीचा धोका असल्यास आणि अन्य कोणाला अधिकार नसल्यासही तो असू शकेल.
• पहिल्या राज्याचा अधिकार शिल्लक असेपर्यंत दुसऱ्या राज्याने आदेश बदलू नये.
• मुलाला गैरमार्गाने आणणाऱ्या पालकाचा अर्ज न्यायालय नाकारू शकेल.

राज्यांनी सुरुवातीला हा कायदा सावकाश स्वीकारला, पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पन्नासही राज्यांत तो आला. यश मोठे होते, तरी दोन फटी राहिल्या. पहिली, काही राज्यांनी स्वीकारताना मजकुरात बदल केले, त्यामुळे ‘समान’ कायदा पुरता समान राहिला नाही. दुसरी अधिक गंभीर होती. ‘गृहराज्य’ आणि ‘महत्त्वाचा संबंध’ हे दोन्ही आधार एकाच पायरीवर होते. त्यामुळे दोन राज्ये एकाच वेळी ‘अधिकार आमचा’ असे प्रामाणिकपणे म्हणू शकत होती.

६. दुसरा टप्पा : १९८० चा संघीय कायदा

राज्यांच्या स्वेच्छेवर सारे सोडता येणार नाही, असे काँग्रेसला वाटू लागले. डिसेंबर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी पालकांकडून होणाऱ्या अपहरणाला आळा घालणाऱ्या संघीय कायद्यावर सही केली. १७९० च्या जुन्या तत्त्वाला त्याने ताब्याच्या आदेशांसाठी नेमका आकार दिला. गृहराज्याला स्पष्ट अग्रक्रम मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘सातत्यपूर्ण अधिकारक्षेत्र’ ही कल्पना पक्की झाली. ज्या राज्याने नियमानुसार पहिला आदेश दिला, तेथे मूल किंवा वादातील एक पक्ष राहत असेपर्यंत आणि त्या राज्याच्या कायद्यानुसार अधिकार टिकून असेपर्यंत, आदेश बदलण्याचा अधिकार त्याचाच. पळालेल्या पालकाचा पत्ता शोधण्यासाठी संघीय यंत्रणेची मदतही खुली झाली.

पण दोन राज्ये तरीही हटून बसली तर? १९८८ च्या ‘थॉम्पसन विरुद्ध थॉम्पसन’ या खटल्यात हेच घडले. कॅलिफोर्नियात ताब्याचा वाद चालू असताना आई मुलासह लुइझियानाला गेली. लुइझियानाच्या न्यायालयाने आदेशात बदल करून एकट्या आईला ताबा दिला. सुमारे दोन महिन्यांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने एकट्या वडिलांना ताबा दिला. वडील संघीय न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिले की हा कायदा राज्यांच्या न्यायालयांसाठी नियम घालतो, तो नागरिकाला संघीय न्यायालयात थेट दावा लावण्याचा हक्क देत नाही. सर्वोच्च न्यायालयात अखेरचे अपील होऊ शकत होते, पण ते फारच थोड्यांच्या वाट्याला येते. म्हणजे नियम संघाचा, पण पंच राज्यांचेच, अशी स्थिती राहिली.

७. एक बोलके उदाहरण : फ्लॉरिडा ते टेक्सास

राज्य बदलण्याने निकालाचे काय होते, हे ‘पामोर विरुद्ध सिडोटी’ या खटल्यात ठळकपणे दिसते. १९८० मध्ये फ्लॉरिडात एका गोऱ्या दांपत्याचा घटस्फोट झाला आणि लहान मुलगी आईकडे राहिली. पुढल्या वर्षी आईने एका कृष्णवर्णीय पुरुषाशी विवाह केला. समाजाच्या टोमण्यांचा मुलीला त्रास होईल, या कारणावरून न्यायालयाने ताबा वडिलांना दिला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय रद्द केला. खाजगी पूर्वग्रह कायद्याच्या आवाक्याबाहेर असतील, पण कायदा त्यांना बळ देऊ शकत नाही, असा सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या निकालाचा आशय होता. वंशभेदाविरुद्धच्या लढ्यातील महत्त्वाचा निकाल म्हणून तो आजही शिकवला जातो.

परंतु अभ्यासक्रमात बहुधा येथेच थांबणारी गोष्ट तेथे संपली नाही. अपील चालू असतानाच वडील मुलीला घेऊन टेक्सासला गेले होते. निकालानंतर त्यांनी टेक्सासच्या न्यायालयात अर्ज केला. आईने फ्लॉरिडात मुलगी परत मिळावी म्हणून धाव घेतली. फ्लॉरिडाच्या न्यायालयाने विचार केला की मुलगी आता टेक्सासमध्ये राहते, तिची शाळा, शेजार आणि साक्षीदार तेथेच आहेत, म्हणून प्रश्न तेथेच सुटावा. १९८५ मध्ये फ्लॉरिडाच्या अपील न्यायालयाने हे उचलून धरले. मुलगी वडिलांकडेच राहिली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकलेल्या आईच्या हाती तत्त्व आले, मुलगी आली नाही.

या घटनेत कोणी कायदा उघडपणे मोडलेला नाही. न्यायालयाने दुसऱ्या राज्याला अधिकार सोडणे, हे १९६८ च्या कायद्यात बसत होते. म्हणूनच ती विचार करण्याजोगी आहे. अधिकारक्षेत्राचा प्रश्न हा हक्काच्या प्रश्नाइतकाच निर्णायक असतो, आणि त्यात काळ हा नेहमी ज्याच्याकडे मूल आहे त्याच्या बाजूने असतो.

८. तिसरा टप्पा : १९९७ चा कायदा आणि आजची पद्धत

१९९७ मध्ये त्याच परिषदेने जुना मसुदा मागे ठेवून अधिकारक्षेत्र आणि अंमलबजावणी या दोहोंविषयी नवा समान कायदा तयार केला. मसुदाकार होते प्राध्यापक रॉबर्ट स्पेक्टर. जवळजवळ सर्व राज्यांनी तो स्वीकारला. मॅसॅच्युसेट्स मात्र दीर्घकाळ आपल्या जुन्या कायद्यावरच राहिले.

नव्या कायद्याने पायऱ्या स्पष्ट केल्या. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ओहायोत घटस्फोट झाला, करारानुसार मूल आईकडे आणि एक आड एक शनिवार-रविवार वडिलांकडे. दोन वर्षांनी आई मुलासह टेक्सासला गेली. तेथे एक वर्ष झाल्यावर तिला भेटींचे वेळापत्रक बदलायचे आहे.

पहिला प्रश्न : वडील अजून ओहायोत राहतात का? राहत असतील आणि ओहायोशी संबंध टिकून असेल, तर आदेश बदलण्याचा अनन्य अधिकार ओहायोचा. मूल टेक्सासमध्ये वर्षभर राहिले, टेक्सास हे त्याचे गृहराज्य झाले, तरीही टेक्सासचे न्यायालय आदेशाला हात लावू शकत नाही.

दुसरा प्रश्न : ओहायोचा अधिकार संपला का? तो दोन रीतींनी संपतो. मुलाचा आणि पालकाचा ओहायोशी महत्त्वाचा संबंध उरला नाही आणि तेथे पुरेसा पुरावाही मिळण्याजोगा नाही, असे ओहायोच्याच न्यायालयाने ठरवावे लागते. किंवा मूल आणि दोन्ही पालक, सर्वांनीच ओहायो सोडले आहे, असे दोहोंपैकी कोणत्याही राज्याच्या न्यायालयाने ठरवावे लागते.

तिसरा प्रश्न : ओहायो स्वतःहून बाजूला होईल का? टेक्सास अधिक सोयीचे आहे, असा अर्ज आई ओहायोतच करू शकते. अंतर, खर्च, पुरावा कोठे आहे आणि घरगुती हिंसाचार झाला आहे का, याचा विचार करून न्यायालय ठरवते. दोन राज्यांचे न्यायाधीश एकमेकांशी बोलू शकतात आणि त्या संभाषणाची नोंद ठेवतात.

चौथा प्रश्न : तातडीचा धोका आहे का? असल्यास टेक्सास तात्पुरता आदेश देऊ शकते. यातील ‘धोका’ केवळ मुलाला असलेला नव्हे, त्याच्या भावंडाला किंवा पालकाला असलेलाही गृहीत धरला जातो. १९६८ मध्ये ही बाजू जवळजवळ दुर्लक्षित होती. मुलाला घेऊन दूर जाणारी प्रत्येक आई डावपेच करत नसते, काहीजणी मारहाणीतून जीव वाचवत असतात, हे स्त्री चळवळीने पुढे आणले आणि १९९७ च्या मसुद्यात त्याचा ठसा उमटला.

एक गोष्ट पालकांना नेहमी चकित करते. दोघांनी आपसांत ठरवून ‘यापुढे टेक्सासच्या न्यायालयात जाऊ’ असे करारात लिहिले, तरी ज्या न्यायालयाला कायद्याने अधिकार नाही त्याला तो अशा संमतीने मिळत नाही. न्यायालय फार तर सोयीचे ठिकाण ठरवताना त्या कलमाचा विचार करते.

९. वेगळा पण जोडलेला प्रश्न : जाऊ द्यायचे की नाही?

कोणते न्यायालय, हे ठरल्यावर उरतो मुख्य प्रश्न : पालकाला मुलासह जाऊ द्यावे का? येथे प्रत्येक राज्याचे उत्तर वेगळे. न्यूयॉर्कमध्ये आधी ‘अपवादात्मक परिस्थिती’ सिद्ध करावी लागे. १९९६ मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने ती अट सोडून सर्व बाबींचा एकत्र विचार करून मुलाचे हित पाहावे, असे ठरवले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूल सांभाळणाऱ्या पालकाला स्थलांतर ‘आवश्यक’ असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, असा निकाल दिला. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या पालकाशी असलेले मुलाचे नाते बिघडण्याच्या शक्यतेला अधिक वजन दिले.

या चढउतारामागे संयुक्त ताब्याची वाढती पद्धत आहे. मूल प्रामुख्याने एकाकडे असताना त्याच्याबरोबर ते जाई. मूल दोघांकडे निम्मे-निम्मे राहू लागले की एकाचे स्थलांतर म्हणजे संपूर्ण व्यवस्थेचीच मोडतोड. वडिलांचा मुलाच्या जीवनातील वाटा वाढला ही इष्ट गोष्ट, पण तिच्यामुळे आईच्या हालचालीवर मर्यादा आली, हेही खरे.

१०. भारतीय संदर्भ

भारतात चित्र वेगळे आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २६१ मध्येही न्यायिक कार्यवाहीला देशभर पूर्ण विश्वास आणि मान्यता देण्याचे तत्त्व आहे, परंतु आपली न्यायव्यवस्था एकसंध आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार अल्पवयीन मूल जेथे ‘सामान्यतः राहते’ तेथील न्यायालयाला अधिकार असतो. नागपूरच्या न्यायालयाचे मत एक आणि भोपाळच्या न्यायालयाचे दुसरे झाले, तरी वर एकच सर्वोच्च न्यायालय आहे आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ नुसार ते एका राज्यातील प्रकरण दुसऱ्या राज्यात वर्ग करू शकते. वाद आपल्याकडेही होतात. ‘सामान्यतः’ या शब्दाचा अर्थ लावताना मुलाला अलीकडेच हलवले आहे का, हे पाहावे लागते. पण दोन सार्वभौम घरांमधली भिंत येथे नाही.

अमेरिकन इतिहासाशी आपला थेट संबंध येतो तो परदेशस्थ भारतीय कुटुंबांमुळे. १९९७ चा कायदा परदेशालाही अमेरिकेतील एखाद्या राज्याप्रमाणेच मानतो, मात्र तेथील कायद्याने मूलभूत मानवी हक्कांचा भंग होत नसावा. दुसरीकडे, ऑक्टोबर १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून वर आलेल्या, ओक्लाहोमाच्या आदेशाशी संबंधित प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे, पण मुलाचे कल्याण सर्वोपरि. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात हेग करारात सामील होण्याची शिफारस केली. तो विषय अद्याप वादाचा आहे. परदेशात छळ सोसून माहेरी परतलेल्या स्त्रीला असा करार पुन्हा तेथेच ढकलील, हा विरोधकांचा मुद्दा आहे. अमेरिकेतील आंतरराज्य वादात जो ताण दिसला, तोच येथे आंतरराष्ट्रीय पातळीवर दिसतो.

११. समारोप

या इतिहासाचा गाभा असा सांगता येईल. मुलाच्या हितासाठी आदेश खुला ठेवला, तर पळवापळवीला वाव मिळतो. आदेश एका न्यायालयाशी बांधला, तर स्थैर्य येते, पण दूर गेलेल्या पालकाला, विशेषतः पैसा आणि आधार नसलेल्या पालकाला, जुन्या राज्यात जाऊन लढावे लागते. १९४७ चे न्यायालय पहिल्या बाजूला झुकले, १९९७ चा कायदा दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेळी शब्द तोच होता : मुलाचे हित. तो शब्द वाचताना, हित कोण ठरवणार आणि कोठे बसून ठरवणार, हेही अभ्यासकाने प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

स्वाध्याय

१. ताब्याचा आदेश ‘अंतिम’ नसण्याचे कारण सांगून त्याचा संघराज्यीय व्यवस्थेवर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. १९४७ आणि १९५३ च्या निकालांतील तर्काची तुलना करा.
३. ‘गृहराज्य’ आणि ‘सातत्यपूर्ण अधिकारक्षेत्र’ यांतील फरक उदाहरणाने दाखवा.
४. १९८४ च्या निकालानंतर आईला मुलगी का मिळाली नाही? यात कायद्याचा दोष होता का, यावर आपले मत मांडा.
५. मुलाला घेऊन राज्य सोडणाऱ्या पालकाबाबत कायद्याने कठोर असावे की लवचिक? घरगुती हिंसाचाराचा मुद्दा लक्षात घेऊन चर्चा करा.